सुपडूआप्पांचं चूलबंद

मागच्या आठवड्यात गावाकडच्या एका लग्नाचं आमंत्रण मोबाईलवर आलं. गणपतीचं चित्र, सनईचा तुकडा आणि खाली 'सहकुटुंब सहपरिवार'. मी शहरात, बुधवारा पेठेतल्या आमच्या घरात कणीक मळत होते. मनगटानंच ते वर सरकवलं, पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि पुन्हा कणकेला लागले. जायचं की नाही हेसुद्धा ठरवलं नाही. मग एकदम सुपडूआप्पांची आठवण आली आणि माझा मलाच राग आला. आप्पांनी असल्या आमंत्रणाला आमंत्रण म्हटलंच नसतं.

आप्पा गावाचं आवतण सांगायचे. आमचं गाव मध्य प्रदेशात, सरहद्दीलगत, फोपनारच्या पुढे, केळीच्या बागांत बुडालेलं, सत्तर-ऐंशी उंबऱ्यांचं. कुणाकडे लग्न असो, तेरावं असो, मारुतीचा भंडारा असो, आवतण आप्पांच्याच तोंडून यायचं. आधी त्यांचे वडील सांगायचे, मग आप्पा. त्याचा त्यांना ना पगार, ना मान. पण आप्पा ज्या दारात गेले नाहीत त्या घरचं माणूस जेवायला जात नसे, मग यजमान सख्खा भाऊ का असेना.

त्यांची एक पद्धत होती. दारात आले की उजव्या पायातली चप्पल काढायची आणि तो पाय उंबऱ्याच्या आत ठेवायचा. डावा पाय चपलेसकट बाहेर. बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, ख्यालीखुशाली विचारायची नाही. घसा खाकरून म्हणायचं, "अमक्याकडचं आवतन आहे हो." मग जरा थांबायचं. त्या थांबण्यात घरातली सगळी माणसं हातातलं काम सोडून कान देत, कारण पुढच्या शब्दावर सगळं अवलंबून असे. "घरटी एक" म्हणाले तर घरातला एक माणूस जेवायला जाणार, बहुधा कर्ता पुरुष. आणि "चूलबंद" म्हणाले तर म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळं घर. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही.

मी सून होऊन आले तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. माझं माहेर सावद्याचं, म्हणजे सरहद्दीच्या पलीकडचं, महाराष्ट्रातलं. पण माहेरी आवतण सांगायला घरातलंच कुणीतरी सायकलवर जायचं. इथे आल्यावर आठ-दहा दिवसांत आप्पा दारात उभे. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "आता आमी सहा झालो बरं का आप्पा, नवी सून आली."

"वहिनी, चूलबंदमधी डोके मोजत नाही," आप्पा म्हणाले. "चुली मोजता." मग माझ्याकडे पाहून, "कुठली?"

"सावद्याची."

"चांगलं आहे. माह्यी सासुरवाडी बी तिकडलीच." आणि चप्पल घालून चालू पडले.

सासूबाईंनी मग मला नियम समजावला. उंबऱ्यावर चूलबंद ऐकलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चुलीला काडी लावायची नाही. जेवायला जायचं, नाहीतर उपाशी राहायचं. आमचे सासरे एकदा पाटलांशी भांडून आवतणाला गेले नव्हते, तेव्हा सगळ्या घरानं तो दिवस केळी खाऊन काढला होता. सासरे पुढे मरेपर्यंत पिकलेलं केळं पाहून तोंड फिरवायचे. गावात गॅस आला तेव्हा काही शहाण्यांनी वाद घातला की गॅस म्हणजे चूल नव्हे. आप्पांनी एका वाक्यात निकाल दिला: "जिच्यावर वरण शिजतं ती चूल."

आप्पांना लिहिता-वाचता येत होतं, पण आवतणाचा कागद त्यांनी कधी केला नाही. सगळी घरं पायांना पाठ. मारुतीपासून सुरुवात, नदीकडच्या आळीनं वर, शाळेला वळसा आणि शेवट आमच्या ओळीत. मध्येच कुणी अडवलं तर मात्र गाडी घसरायची. एकदा पाटलांच्या घरच्या बारशाचं आवतण सांगत असताना शाळेजवळ दोन बायका बांधावरून भांडत होत्या. त्यांनी आप्पांना पंच केलं. भांडण मिटवून आप्पा निघाले आणि कुठल्या दारापर्यंत आलो होतो तेच विसरले. विचारायचं ना कुणालातरी! ते नाही. सरळ मारुतीपाशी गेले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तीस-चाळीस घरांना दोनदा आवतण गेलं. नदीकडच्या एका म्हातारीनं दोन आवतणं म्हणजे दोन जेवणं असा हिशेब लावून सकाळ-संध्याकाळ पंगत गाठली आणि कुणी तिला उठवलं नाही, कारण आप्पांनी दोनदा सांगितलं होतं.

दिसायला काटकुळे, मान जरा पुढे आलेली, डोक्यावर पांढरी टोपी. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर: "बिलकुल." पाऊस येईल का आप्पा? बिलकुल. चहा घेता? बिलकुल, आणि निघून जायचे. त्या बिलकुलमधून हो निघतो की नाही, हे ज्याचं त्यानं पाहायचं. यशोदाकाकू, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "चाळीस वर्सं झाली, मले अजून नाही समजलं. मी सैपाक करून ठिवते, खाल्ला तं हो होता."

आमच्या घराला लागून त्यांचं घर. त्यांचा एकुलता एक मुलगा सुरतेला, मुलगी फैजपूरकडे दिलेली. स्वतःचं शेत म्हणावं तर टीचभर. पण गावाच्या शिवेवर नाल्याकाठी इंदूरच्या एका माणसाची पाच एकर जमीन होती, ती आप्पा बटाईनं करत. बावीस वर्षं. मालक वर्षातून एकदा यायचा, अर्धं घेऊन जायचा. बांध आप्पांनी घातलेले, विहिरीचा गाळ आप्पांनी काढलेला, केळीचं एकेक खांब त्यांच्या ओळखीचं. लोकही त्या जमिनीला 'आप्पाचा मळा' म्हणायला लागले होते. मला वाटतं, आप्पाही मनात तसंच म्हणायला लागले असावेत आणि तिथेच घात झाला.

आठेक वर्षांपूर्वी मालकानं ती जमीन विकली. आप्पांना विचारलं नाही, सांगितलंही नाही. घेणारे प्रल्हादभाऊ सरहद्दीपलीकडच्या रावेरकडचे. त्यांची तिकडची जमीन रस्त्याच्या रुंदीकरणात गेली होती. बायको शोभा आणि एक लहान मुलगी घेऊन ते एमएच एकोणीसच्या पाटीची गाडी घेऊन गावात आले आणि मारुतीमागचं एक रिकामं घर भाड्यानं घेतलं.

ते एकटेच आले असते तर कदाचित काही झालं नसतं. पण त्याच दोन वर्षांत आसपासच्या चार गावांत असे सात-आठ जण आले. जमिनीचे भाव चढले. मजूर त्यांच्याकडे जायला लागले, कारण ते रोज संध्याकाळी रोकडा देत. आणि नेमका त्याच वर्षी केळीवर हरण्या पडला. पानं पिवळी पडून खांबं उपटून फेकावी लागली. मग काय, आयतं निमित्त मिळालं. हा रोग तिकडच्यांनी आपल्या रोपांबरोबर आणला, असं गावाच्या ओट्यावर ठरलं. प्रल्हादभाऊंची स्वतःची अर्धी बाग त्याच रोगानं गेली होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे येऊ दिलं नाही. त्यांच्या मळ्याची गाडीवाट कुणीतरी नांगरून टाकली. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीची वायर दोनदा तुटली. कुणी तोडली ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. पाटलांचा पुतण्या दीपक पोरांना घेऊन त्यांच्या गाडीसमोर उभा राहून म्हणायचा, "भैया, एमपी का आधार है क्या? नहीं? तो फिर पाणी बी तिकडूनच आणा ना."

गंमत अशी की त्यांची बोली आणि आमची बोली यांत केसाचा फरक नाही. देवी कानबाई तीच, वरण-बट्टी तीच, शिव्यासुद्धा त्याच. मी तर चक्रावून गेले होते. सरहद्द म्हणजे रस्त्यावरचा एक दगड, तोसुद्धा वाकडा झालेला. रोज शंभर माणसं दूध, औषध, सोयरीक घेऊन तो ओलांडतात. त्यातला कुठला माणूस परका आणि कुठला आपला, हे कोण ठरवतं?

आणि या सगळ्यांत आप्पा सर्वांत कडवे. दीपकसारखे ओरडत नसत, पण "तिकडचे" म्हणताना हनुवटी अशी काही उडवत, जणू अंगावरचं वाळलेलं पान झटकतायत. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "आप्पा, मीही तिकडचीच. काकू तिकडच्या. तुमची आई तिकडची. लेक तिकडे दिली. मग प्रल्हादभाऊंनीच काय केलं?"

लहान मुलाला उजळणी शिकवावी तसं ते मला समजावत म्हणाले, "बायका येताच, सूनबाई. बाईचं येनं वायलं. मानूस येतो तो जागा घिऊन बसतो."

मी तीस वर्षं या गावात भाकरी थापतेय, शाळेत पोरांना पाढे शिकवतेय, ते काय हवेत उभी राहून? पण हे मी मनातच म्हटलं. सासूबाई ऐकत होत्या.

चैत्रात मारुतीचा भंडारा आला. आवतण अर्थातच चूलबंद. मी दारातच होते. शोभाचं घर आमच्या दारातून तिरपं दिसायचं. तिला कुणीतरी पद्धत सांगितली असावी. तिनं उंबरा सारवला होता, रांगोळी घातली होती, पदर नीट करून उभी होती. मुलगी तिला चिकटलेली. आप्पा शेजारच्या दारात चप्पल काढून उभे राहिले, "चूलबंद" म्हणाले, चप्पल घातली आणि शोभाच्या दारावरून दोन्ही पायांत चपला तशाच, पुढच्या घरी गेले. मान वळवली नाही. शोभा थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिला वाटलं असेल, येताना सांगतील. आप्पा आले नाहीत.

दुपारी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "वहिनी, आमच्या घरातून धूर नाही निघत का? आमी काय खाऊन राह्यलो, असं वाटतं या लोकायले?" आणि मग ती रडली. मी तिला पाणी दिलं. संध्याकाळी मी भंडाऱ्याला गेले, जेवले, दोनदा कढी घेतली. हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा मात्र ती वाटली नव्हती.

पुढच्या वर्षी प्रल्हादभाऊंनी मळ्याच्या कडेला घर बांधलं. साधंच, दोन खोल्या आणि पडवी. वास्तुशांतीचं जेवण ठरलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी नवरा-बायको आमच्याकडे आले. प्रल्हादभाऊ माझ्या नवऱ्याला म्हणाले, "भाऊ, आमचं ठरलं आहे. उद्या गाव जेवाले आलं तं आमी राहू. नाही आलं तं गिऱ्हाईक पाहून इकून टाकू आन वापस जाऊ. पोरीले कोनी खेळाले घेत नाही. मी काय काय सहन करू?"

माझ्या नवऱ्याला ओट्यावरची गोष्ट माहीत होती. ओट्यावर ठरलं होतं की कुणीही जायचं नाही. दीपक म्हणाला होता, "आवतन आलं तरी नहीं जाने का. एक बार खा लिया तो फिर बोल नहीं सकते." आणि ते खरंच होतं. आमच्याकडे ज्याच्या घरचं अन्न पोटात गेलं त्याच्या वाटेवर नांगर घालता येत नाही.

आमच्याकडून उठून प्रल्हादभाऊ शेजारी आप्पांकडे गेले. आम्ही ओसरीतून पाहत होतो. त्यांनी नारळ आणि सुपारी आप्पांच्या उंबऱ्यावर ठेवली, हात जोडले आणि म्हणाले, "आप्पा, उद्याचं आवतन. घरटी एक सांगजा. ऐंशी पानं करतो."

बावीस वर्षांचा मळा ज्यानं नेला तो माणूस समोर हात जोडून उभा. मला वाटलं, आता आप्पा नारळ उचलून नाल्यात फेकतील. आप्पांनी वाकून नारळ उचलला, कानाशी हलवून पाहिला. मग "बिलकुल" म्हणाले. नारळ आत नेला.

"तुमी आवतन सांगनार?" माझ्या नवऱ्यानं नंतर भिंतीवरून विचारलं.

"सांगनं माह्यं काम आहे. जानं न जानं तुमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आमच्या दारात. माझा कुकर गॅसवर होता, भाजी चिरून झाली होती, कारण आमच्या घरानंही न जायचंच ठरवलं होतं. उजव्या पायातली चप्पल निघाली. पाय आत. घसा खाकरला.

"प्रल्हादभाऊकडचं आवतन आहे हो."

थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, माझ्यामागे गॅसवर होती.

"चूलबंद."

माझ्या नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. काल भिंतीपलीकडून त्यानं स्वतःच्या कानांनी 'घरटी एक' ऐकलं होतं. पण तो काही बोलायच्या आत सासूबाईंनी हात लांब केला आणि गॅस बंद केला. कुकरची शिट्टी यायची होती ती आलीच नाही.

"आई, आपल्याले नाही ना जायचं," नवरा म्हणाला.

"नोको जाऊ. केळी आहे घरात."

आणि हेच गावभर झालं. आप्पांनी एकही दार सोडलं नाही आणि प्रत्येक दारात चूलबंद सांगितलं. ओट्यावर ठरवणारे सगळे पुरुष होते. ठरवलं तेव्हा त्यांनी 'घरटी एक'च धरलं होतं. तो एक न गेला की संपलं. चूलबंदचा विचार कुणी केलाच नव्हता, कारण चूल काही त्यांच्या हातात नव्हती. बायकांनी हात वर केले. आप्पानं उंबऱ्यात सांगितलंय, आता काडी लावायची नाही. जेवायचं असेल तर चला, नसेल तर बसा. बारा वाजले, एक वाजला. पुरुष ओट्यावर जाऊन बसले, उठून घरी आले, पुन्हा ओट्यावर गेले. माझ्या नवऱ्यानं चार केळी खाल्ली आणि पाचवं हातात धरून बसला. शेवटी पाटलांची म्हातारी आई काठी टेकत मळ्याच्या वाटेला लागली. तिच्यामागे तिच्या सुना, सुनांमागे पोरं, आणि मग आळीच्या आळ्या निघाल्या. दीपक सर्वांत शेवटी गेला. "मैं तो सिर्फ देखने को जा रहा," असं वाटेत भेटेल त्याला सांगत.

नव्या घरात ऐंशी पानांचा स्वयंपाक आणि दारात सगळं गाव. शोभाचा चेहरा मी विसरणार नाही. आधी ती हरखली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं गर्दीकडे पाहिलं, वरणाच्या पातेल्याकडे पाहिलं आणि त्यावर पटकन झाकण ठेवलं. प्रल्हादभाऊ माझ्या नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, मी तं घरटी एक सांगतलं होतं. तुमी ऐकलं ना?"

पहिल्या पंगतीतच बट्ट्या संपल्या. दुसरी पंगत पानं मांडून बसलेली. कुणीतरी मागून हसलं. मला तेव्हा वाटलं, आप्पांनी डाव साधला. या माणसाला साऱ्या गावासमोर उपाशी पंगत दाखवायची होती, म्हणून चूलबंद सांगितलं. दुसऱ्यांदा तोंड वर करून या गावात फिरता येऊ नये म्हणून.

तेवढ्यात सासूबाई पदर खोचून उठल्या. शोभाला म्हणाल्या, "रडू नोको. परात कुठी आहे?" आणि मला म्हणाल्या, "जा, घरून पीठ आन." चुली बंद होत्या, पिठाचे डबे काही बंद नव्हते. मी गेले, आणखी आठ-दहा जणी गेल्या. कुणी पीठ आणलं, कुणी तेल, कुणी वांगी. शोभाच्या अंगणात तीन नव्या चुली मांडल्या आणि गावच्या बायका बट्ट्या वळायला बसल्या. पुरुष मुकाट्यानं लाकडं फोडत होते. शेवटची पंगत उठली तेव्हा दिवस कलला होता. शोभाची मुलगी पोरांमागे केळीत धावून धावून फ्रॉक फाडून आली होती.

यशोदाकाकूही आल्या होत्या, कोपरापर्यंत पिठात. मी विचारलं, "आप्पा कुठे?"

काकूंनी गावाकडे बोट केलं. सगळ्या गावात एकाच घरावर धूर होता.

"आवतन सांगनाऱ्याच्या घराले आवतन नसते म्हने," काकू म्हणाल्या. "बसले आहे चूल पेटवून. भाकर जाळत असतीन. मी म्हटलं, जाळा, मी चालली."

प्रल्हादभाऊ राहिले. त्यांची वायर पुन्हा तुटली नाही. गाडीवाट महिनाभरात मोकळी झाली. कुणी केली तेही सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. सगळे त्यांच्यावर खूश झाले असं नाही. आजही ओट्यावर "तिकडचे" हा शब्द ऐकू येतो. पण आता तो म्हणणारा आधी मागे वळून पाहतो.

आप्पांचं मात्र कोडं झालं. माझा नवरा आजही छातीठोक सांगतो की त्यांना फजितीच करायची होती, ती उलटली. सासूबाई म्हणतात, सुपडूभाऊले सारं माहीत होतं, बायका उठतीन हे बी माहीत होतं. शोभाच्या लेखी तर ते देवच. ती दर हंगामात बागेतला पहिला घड आप्पांच्या ओसरीत आणून ठेवायची. आप्पा तो उचलून पाटलांच्या म्हशीपुढे टाकायचे. शोभाच्या देखत. ती हसून पुढच्या वेळी पुन्हा आणायची. प्रल्हादभाऊंनी एकदा येऊन विचारलं, "आप्पा, मळा तुमीच पहा, बटाईनं. मले एकट्याले होत नाही." आप्पा "बिलकुल" म्हणाले आणि आतून कडी लावून घेतली. प्रल्हादभाऊंच्या दारात ते कधी गेले नाहीत, त्यांच्याशी बोलले नाहीत आणि तिकडच्यांना शिव्या द्यायचेही थांबले नाहीत. मी विचारायचे, काकू विचारायच्या, सगळे विचारून थकले. त्या दिवशी चूलबंद का सांगितलं, याचं उत्तर कुणाला मिळालं नाही.

पुढे नवऱ्याच्या दुकानामुळे आम्ही बुधवाऱ्यात राहायला आलो. सासूबाई गावातच राहिल्या, म्हणून रविवारी माझी फेरी असायची. असाच वैशाखातला एक रविवार. आदल्या संध्याकाळी वादळ झालं होतं. फाट्यावर उतरून मी नाल्याकाठच्या बांधानं निघाले. दोन्ही बाजूंना खांबं लोळलेली, पानं चिंध्या झालेली. प्रल्हादभाऊंच्या घराला कुलूप होतं. रावेरला भाचीच्या लग्नाला गेले होते सगळे.

बागेत कुणीतरी होतं. मला वाटलं चोर. मग पांढरी टोपी दिसली.

आप्पा कललेल्या केळीला बांबूचा टेकू लावून सुतळीनं बांधत होते. मागे पाहिलं तर नाल्याकडच्या दोन ओळी बांधून झालेल्या. सत्तरीचा माणूस, घामानं भिजलेला. मला पाहून चोरी पकडल्यासारखे चमकले आणि लगेच चिडले.

"यायले टेकू लावता येते का? पहा, कसे लावले. साऱ्या घडाची माती केली. कोनाले सांगजो नको."

मी पिशवी खाली ठेवली आणि बांबू धरला. दोन-तीन खांबं आम्ही बांधली. मग मी विचारलंच. "आप्पा, आता तरी सांगा. त्या दिवशी चूलबंद का सांगितलं?"

मला वाटलं, बिलकुल म्हणतील. त्यांनी सुतळीची गाठ सोडली आणि पुन्हा आवळली.

"मले नाही माहीत, सूनबाई," ते म्हणाले. "रातभर इचार केला होता. घरटी एक सांगायचं, कोनी जानार नाही, जातीन वापस, बरं होईन. सकाळी पहिल्या दारात उभा राह्यलो. पह्यले वाटलं, चूलबंद सांगावं, जिरून जाईन याची, सारं गाव पाहीन. मग वाटलं, नवं घर आहे, लहान पोरगी आहे, कोनीच नाही आलं तं... आन तोंडातून निघालं चूलबंद. कशानं निघालं? तू शाळेत शिकवते. तूच सांग."

मी पुढचा बांबू उचलला.

आप्पांनी टोपी काढून तोंड पुसलं. बागेकडे, विहिरीकडे, कुलूप लावलेल्या घराकडे पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात, बस किती वाजता येते असं विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "हे लोक वापस गेले असते, तं हे वावर मले भेटलं असतं का?"

"नाही, आप्पा."

"हां," ते म्हणाले. "नसतंच भेटलं."

आणि पुढच्या खांबाकडे वळले.